गावातल्या संग्रहालयात बघण्यासारखे काय असते?

अलास्का आता मराठी प्रवाशांना परके राहिलेले नाही. मुलगी सिएटलला किंवा मुलगा सॅन होजेला असतो, आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात आणि त्या मुक्कामात एक आठवडा क्रूझचा असतो. परत आल्यावर हिमनदीचे फोटो दाखवले जातात, देवमाशाच्या शेपटीचे दाखवले जातात. मधल्या बंदरांत काय पाहिले असे विचारले की उत्तर ठरलेले असते: दुकाने होती, एक-दोन छोटी म्युझियम होती, पण त्यांत काय बघायचे? मोठे म्युझियम आम्ही न्यूयॉर्कला पाहिले ना!

हे उत्तर आळसातून आले असते तर त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नव्हते. पण हे मत अजिंठा-वेरूळ बारकाईने पाहणाऱ्या, पुस्तके वाचून प्रवासाला निघणाऱ्या माणसांचे आहे, आणि त्यामागे एक रीतसर युक्तिवाद आहे. तेव्हा त्याला उत्तरही रीतसर दिले पाहिजे. निवाडा वाचकाने करावा.

पूर्वपक्ष असा आहे. ग्रामीण भागातून जे मोलाचे निघाले ते शतकापूर्वीच शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांत गेले. गावात उरली ती निवडून मागे टाकलेली खोगीरभरती. शहरात अभ्यासक असतात, गावात हौशी स्वयंसेवक. वस्तूचा अर्थ सांगण्याचा अधिकार पहिल्यांचा. आग, कसर, चोरी आणि निधीचा तुटवडा यांतून वस्तू वाचवण्याची ताकदही मोठ्या संस्थेतच असते. शिवाय गावच्या संग्रहालयाला विषय म्हणून नसतो: पेंढा भरलेले पक्षी, जुनी हत्यारे, मूळनिवासींच्या टोपल्या आणि कोणाच्या तरी आजोबांची बंदूक, सगळे एका छताखाली. आणि शेवटी, गाव स्वतःविषयी बोलू लागले की इतिहास मागे पडतो आणि कौतुक पुढे येते.

या प्रत्येक मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. अंशच आहे.

सर्वसाधारण विधानांची झटापट कोणालाच कुठे नेत नाही. म्हणून एक खोरे घेऊ: आग्नेय अलास्कातले चिल्कॅट नदीचे. लिन कॅनाल नावाच्या लांबलचक खाडीच्या उत्तर टोकापाशी हेन्स हे गाव आहे. 2020 च्या जनगणनेत आसपासच्या वाड्यावस्त्या धरून त्याची लोकसंख्या दोन हजारांच्या थोडी वर भरली. तिथून नदीकाठच्या रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर गेले की क्लुकवान लागते. हे चिल्कॅट लिंगित या मूळनिवासींचे जुने गाव. आज तिथे शंभर माणसेही राहत नाहीत. एवढ्याशा वस्तीच्या या खोऱ्यात स्थानिक इतिहासाचे शेल्डन म्युझियम आहे, गरुडांना वाहिलेले निसर्ग-संग्रहालय आहे, चक्क हातोड्यांचे एक संग्रहालय आहे आणि क्लुकवानमध्ये जिल्काट क्वान हेरिटेज सेंटर आहे. दोन हजार माणसे, चार संग्रहालये. पूर्वपक्षाला इथे हसू येईल. येऊ द्यावे.

जे उत्तम ते शहरात गेले, हा मुद्दा आधी त्याच्या पूर्ण वजनानिशी मांडतो. जॉर्ज एमन्स हा अमेरिकन नौदलाचा अधिकारी. 19 व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याने लिंगितांच्या हजारो वस्तू जमवल्या आणि त्यांचा मोठा वाटा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला विकला. त्यांत शमनांच्या थडग्यांतून काढलेल्या वस्तूही होत्या. लुईस शॉट्रिज तर क्लुकवानचाच, स्वतः लिंगित. तो फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी आपल्याच माणसांकडून वस्तू विकत घेत हिंडत होता. म्हणजे उपसा झाला, आणि भरपूर झाला. हे कोणी नाकारत नाही.

पण उपसा झाला म्हणजे विहीर कोरडी पडली, हे कशावरून? क्लुकवानमध्ये गानाख्तेदी कुळाचे व्हेल हाउस होते. त्यात चार कोरीव खांब आणि एक भव्य रंगवलेला लाकडी पडदा होता. 1895 च्या सुमारास विंटर अँड पॉन्ड या छायाचित्रकार जोडीने त्या घराच्या अंतर्भागाचे छायाचित्र घेतले आणि ते जगभर पोचले. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या काष्ठशिल्पाचे शिखर म्हणून अनेक अभ्यासक या खांबांकडे बोट दाखवतात. शॉट्रिजला ते हवे होते. त्याचा बाप त्या घराचा प्रमुख होता, म्हणजे आपल्या हिशेबाने मुलाचा हक्क निर्विवाद. पण लिंगितांत कूळ आईकडून येते. बापाच्या घरातल्या वस्तूंवर मुलाचा अधिकार नाही. तो आईच्या कुळाचा, कागवांतान. संग्रहालयाच्या वतीने त्याने मोठी रक्कम पुढे केली. कुळाने खांब दिले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका गावाच्या हट्टाची म्हणता आली असती. 1976 मध्ये क्लुकवानच्या ग्रामपरिषदेने नियमच केला की तिच्या परवानगीशिवाय अशा वस्तू गावाबाहेर नेता येणार नाहीत. 1984 मध्ये तरीही ते चार खांब आणि तो पडदा गावातून उचलून सिएटलला नेले गेले. नेण्यात कलावस्तूंच्या व्यापाऱ्याचा हात होता आणि कुळातल्याच काही जणांचाही होता. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही, उलट तीच पूर्वपक्षाच्या उपयोगाची आहे. पाहा, म्हणेल तो, वंशजच विकायला निघाले होते! बरोबर. म्हणून गाव न्यायालयात गेले. खटला संघराज्याच्या न्यायालयांतून फिरत अखेर गावाच्याच न्यायालयापुढे आला. 1993 मध्ये निकाल लागला: या वस्तू कुळाच्या आहेत, त्या विकण्याचा अधिकार कोणा एका माणसाला नाही. 1994 मध्ये खांब आणि पडदा परत आले. 2016 मध्ये हेरिटेज सेंटर उघडले आणि आज ते तिथे आहेत.

आता निवाडा करणाऱ्या वाचकाने सांगावे. शंभर माणसांच्या गावात उभे असलेले हे खांब मागे टाकलेला माल आहेत काय? ज्यांच्यासाठी मोठ्या संग्रहालयाने हात पसरले आणि जे त्याला मिळाले नाहीत, ते गौण कसे? शहरात जे पोचले ते सर्वोत्तम, असे पूर्वपक्ष धरून चालतो. शहरात पोचले ते विकले गेलेले, हिरावलेले किंवा भेट दिलेले. निवड गुणवत्तेची नव्हती. बाजाराची होती.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती प्रवाशाच्या कामाची आहे. न्यूयॉर्कच्या काचेमागे एखादी कोरीव टोपी लिंगित टोपी असते: शैली अमुक, शतक अमुक, लाकूड अमुक. क्लुकवानच्या वाटेवर अशी टोपी अमुक कुळाची असते. ती कोणी घालायची, कोणाच्या समारंभात बाहेर काढायची, कोणी तिच्याविषयी बोलायचे याचे नियम असतात आणि ते पाळणारी माणसे शेजारच्या खोलीत असतात. पहिल्या ठिकाणी आपण वस्तू पाहतो. दुसऱ्या ठिकाणी मालकी पाहतो. लिंगित समाज समजून घ्यायचा असेल तर मालकी ही शैलीहून मोठी माहिती आहे, आणि ती काचेच्या खालच्या दोन ओळींत मावत नाही.

अभ्यासकांचा मुद्दा अधिक प्रतिष्ठित वाटतो, म्हणून तो अधिक कठोरपणे तपासतो. 7 ऑगस्ट 1869 रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. ते पाहण्यासाठी अमेरिकेच्या किनारा-सर्वेक्षण खात्याचा जॉर्ज डेव्हिडसन हा शास्त्रज्ञ चिल्कॅट खोऱ्यात आला. तिथे त्याची गाठ कोहक्लक्स या चिल्कॅट प्रमुखाशी पडली. कोहक्लक्सने आणि त्याच्या दोन बायकांनी डेव्हिडसनसाठी पेन्सिलीने एक नकाशा काढला: क्लुकवानपासून पर्वत ओलांडून थेट युकॉन नदीवरच्या फोर्ट सेल्कर्कपर्यंतचा रस्ता. त्या प्रदेशाचा असा नकाशा तेव्हा कोणत्याही सरकारच्या दप्तरात नव्हता. कोहक्लक्सला तो रस्ता पाठ होता, कारण चिल्कॅट लिंगित पिढ्यानपिढ्या त्यावरून माशाचे तेल अंतर्भागात नेत आणि कातडी घेऊन परत येत. त्या व्यापारावर त्यांचा इतका करडा पहारा होता की हडसन्स बे कंपनीने फोर्ट सेल्कर्कला ठाणे टाकून हात घालताच 1852 मध्ये चिल्कॅटांनी तिथे जाऊन ते ठाणे लुटले. पुढे क्लोंडाइकचे सोने निघाले. जॅक डाल्टन नावाच्या माणसाने याच जुन्या वाटांवर टोल बसवला आणि वाटेला डाल्टनचे नाव पडले!

या प्रसंगात अभ्यासक कोण? डेव्हिडसन मोठा माणूस होता, आणि प्रामाणिकही. नकाशा त्याने जपला आणि पुढे त्यावर लिहिले. आज तो बर्कलेच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. पण ज्ञान कोणाचे होते आणि नोंद कोणाची होती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की पूर्वपक्षाचा पाया हलतो. गावच्या संग्रहालयाला अभ्यासक नसतो असे म्हणणे म्हणजे कोहक्लक्सला शिसपेन्सिल समजणे होय.

एकाच खोऱ्यावर भिस्त ठेवल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून दक्षिणेकडे, वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला जाऊ. तिथे मकाह लोकांचे ओझेट नावाचे गाव होते. युरोपीयांचा पाय लागण्यापूर्वी डोंगर खचला आणि गावातली घरे चिखलाखाली गेली. मकाह म्हाताऱ्यांच्या तोंडी ही गोष्ट होती. 1970 च्या हिवाळ्यात समुद्राच्या वादळाने किनाऱ्याचा कडा धुऊन नेला आणि घरे उघडी पडू लागली. मकाह परिषदेने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या रिचर्ड डोहर्टींना बोलावले. 1981 पर्यंत उत्खनन चालले. ओल्या चिखलात हवा शिरली नसल्यामुळे लाकूड, टोपल्या, दोऱ्या, सगळे शाबूत होते. पंचावन्न हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. कुदळ लावली असती तर नाजूक लाकूड फुटले असते, म्हणून चिखल पाण्याच्या फवाऱ्याने धुतला गेला.

इतका मोठा ठेवा कुठे जायला हवा होता? पूर्वपक्षाच्या तर्काने सिएटलला. मकाहांनी सांगितले, जाणार नाही. 1979 मध्ये नीआ बे या त्यांच्याच गावात संग्रहालय उघडले. उत्खननकर्त्यांना जे अवजार कशाचे हे कळेना, ते मकाह वडीलधाऱ्यांनी ओळखले. कोठारातली मांडणीसुद्धा मकाह भाषेतल्या वर्गवारीचा आधार घेऊन केली गेली. विद्यापीठ आणि गाव यांचे इथे भांडण नव्हते, हेही नोंदवतो. अभ्यासक हवेच होते. प्रश्न एवढाच होता की शेवटचा शब्द कोणाचा. आणि ज्यांना ग्रामीण म्हणजे कोंडलेले असे वाटते त्यांच्यासाठी: ओझेटच्या त्या चिखलात लोखंडी पाती सापडली, युरोपीय जहाजे येण्याच्या आधीची. बहुधा आशियाकडून वाहत आलेल्या फुटक्या जहाजांची. पॅसिफिक महासागराच्या या काठाचे त्या काठाशी असलेले नाते सिएटलच्या गगनचुंबी इमारतींत नव्हे, एका मासेमार गावात कळते.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र जड आहे. त्याच्यासाठी मी पूर्वपक्षालाच त्याचे सर्वांत चांगले उदाहरण देतो. 1871-72 मध्ये आल्फोन्स पिनार हा विशीतला फ्रेंच तरुण अलास्काच्या कोडियाक बेटावर गेला आणि तिथल्या अलुटीक लोकांचे मुखवटे घेऊन परतला. काही मुखवट्यांसोबत म्हटली जाणारी गाणीही त्याने लिहून घेतली. 1875 मध्ये त्याने हा संग्रह फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर या शहराच्या संग्रहालयाला दिला. सत्तरहून अधिक मुखवटे तिथे टिकले. कोडियाकवर मुखवटे समारंभानंतर बहुधा टाकून दिले जात. पुढे धर्मांतर, साथीचे रोग आणि शाळांतली भाषाबंदी यांनी बाकीचे काम केले. पिनारने नेले नसते तर आज काय उरले असते? फारसे नाही. मी हे मोकळेपणाने मान्य करतो.

मग पूर्वपक्ष जिंकला? थांबा. बुलोन-सुर-मेर म्हणजे काय, पॅरिस? ते मच्छीमारीचे बंदर आहे. मुखवटे राखले ते लूव्हरने नव्हे, एका किनारी शहराच्या नगर-संग्रहालयाने. मोठ्या संस्थेच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत बळकट दाखला प्रत्यक्षात छोट्या संस्थेचा निघतो! आणि मोठ्या संस्थेच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचे तर 2 सप्टेंबर 2018 ची रात्र आठवावी. त्या रात्री रिओ दि जानेरोतले ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी नमुन्यांचा संग्रह, आणि त्याचा बहुतांश राख झाला. त्यात ब्राझीलच्या मूळनिवासी जमातींच्या वस्तू होत्या, त्यांच्या भाषांची ध्वनिमुद्रणे होती. ज्या गावांतून ती आली त्या गावांत त्यांची दुसरी प्रत असती तर? सगळे एका राजवाड्यात गोळा करणे ही सुरक्षितता नाही. तो जुगार आहे. क्लुकवानच्या खांबांनीसुद्धा वादाची वर्षे सिएटलच्या गोदामात काढली, म्हणजे शहरातच काढली. कोणालाही न दिसता.

आणि जपणूक म्हणजे सर्वस्व नव्हे. कोडियाकवर 1995 मध्ये अलुटीक म्युझियम उघडले. त्याच्या उभारणीला पैसा आला तो 1989 च्या एक्झॉन व्हॅल्डीझ तेलगळतीनंतर झालेल्या भरपाईतून. तेलाने किनारे माखले तेव्हा किनाऱ्यावरची पुरातन स्थळेही धोक्यात आली होती. संकटातून असे संग्रहालय जन्मते हे मला कोणत्याही देणगीदाराच्या नावाच्या पाटीपेक्षा अर्थपूर्ण वाटते. 2006 मध्ये कोडियाकच्या कलाकारांचा एक गट बुलोनला जाऊन ते मुखवटे पाहून आला, आणि 2008 मध्ये त्यांतले चौतीस मुखवटे उसनवारीवर कोडियाकला आले. एकशे छत्तीस वर्षांनी. तोपर्यंत ते फ्रान्समध्ये सुरक्षित होते. पण ते पाहून नवा मुखवटा कोरणारा हात फ्रान्समध्ये नव्हता.

हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली आणि पहिली ठेवली गेली ती साताऱ्याच्या संग्रहालयात. ती कोणती वाघनखे, यावर इतिहासकारांत वाद झाले, ते व्हावेतच. पण 'लंडनमध्ये ती सुरक्षित होती, साताऱ्यात आणण्याचे काय कारण' असे म्हणणारा किती जणांना भेटला? असे न विचारणारा माणूसच अलास्कात गेल्यावर क्लुकवानच्या फाट्यावरून गाडी पुढे का काढतो?

आता सगळे एका छताखाली असण्याच्या, म्हणजे अडगळीच्या, मुद्द्याकडे येऊ. पूर्वपक्षाचा हा सर्वांत लोकप्रिय मुद्दा आहे आणि माझ्या मते सर्वांत कच्चा. हेन्सच्या निसर्ग-संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत, जखमी झाल्यामुळे रानात परत सोडता न येणारे जिवंत शिकारी पक्षी आहेत, आणि मध्यवर्ती विषय आहे बाल्ड ईगल, पांढऱ्या डोक्याचा गरुड. शेल्डन म्युझियममध्ये लिंगितांची कला आहे, वसाहतकऱ्यांच्या वस्तू आहेत आणि एल्ड्रेड रॉकच्या दीपगृहाचे जुने भिंग आहे. काय संबंध, असे विचारले जाते. संबंध सांगतो.

चिल्कॅट नदीत उन्हाळा सरल्यावर उशिरा चम जातीचे सॅमन मासे चढतात, अंडी घालतात आणि मरतात. इतर नद्या तोपर्यंत गोठू लागतात. पण क्लुकवानजवळ त्सिरकू नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यात साठलेले, तुलनेने उबदार भूजल चिल्कॅटच्या पात्रात झिरपते आणि काही किलोमीटरचा पट्टा गोठत नाही. मेलेले मासे उघड्या पाण्यात मिळत राहतात. म्हणून शरदाच्या अखेरीस इथे गरुड जमतात, भर हंगामात तीन हजारांहूनही अधिक. क्लुकवान नेमके इथेच वसले ते याच माशामुळे. इथल्या लिंगित समाजाचे दोन अर्ध आहेत, एक डोमकावळ्याचा आणि दुसरा गरुडाचा. लग्न नेहमी दुसऱ्या अर्धात करायचे. 1880 च्या दशकात याच माशासाठी खोऱ्याच्या मुखाशी कॅनरी आल्या, माशाचे डबे भरू लागल्या. कॅनरीवाल्यांना आणि मासेमारांना वाटले की गरुड आपला मासा खातो. 1917 मध्ये अलास्का प्रांताने गरुड मारणाऱ्याला इनाम लावले. पायांची जोडी आणून द्यायची आणि पैसे घ्यायचे. 1953 पर्यंत हे चालले आणि एक लाखाहून अधिक गरुडांचा हिशेब त्या पायांवर झाला. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह! 1940 च्या संरक्षण कायद्यातून अलास्काला वगळले होते. मग खोऱ्यात लाकूडतोडीचा धंदा वाढला, झाडे तोडायची की राखायची यावर गाव दुभंगले, आणि दीर्घ वादानंतर 1982 मध्ये 48,000 एकरांचे गरुड-अभयारण्य झाले.

आता सांगावे, या गोष्टीतला निसर्ग कुठे संपतो आणि इतिहास कुठे सुरू होतो? त्यातून लिंगित संस्कृती वेगळी कशी काढणार? भूजल काढा, गाव जाते. मासा काढा, कॅनरी जाते, कॅनरीबरोबर इनाम जाते. कॅनरीसाठी आणि सोन्यासाठी जहाजे आली नसती तर एल्ड्रेड रॉकला दीपगृह कशाला लागले असते? राजधानी वॉशिंग्टनमध्ये गरुड एका इमारतीत असतो, मूळनिवासी दुसरीत आणि अमेरिकन इतिहास तिसरीत. ती विभागणी खात्यांच्या सोयीची आहे. खोऱ्याची नाही. ज्याला तुम्ही अडगळ म्हणता ते एका भूभागाचे पूर्ण वाक्य आहे, आणि शहरातल्या संग्रहालयाने त्यातले नाम एका दालनात आणि क्रियापद दुसऱ्या दालनात ठेवले आहे.

हातोड्यांच्या संग्रहालयाचाही कैवार घेतो, नाहीतर लोक म्हणतील की अवघड प्रश्न टाळला. 2002 मध्ये उघडलेल्या त्या लहानशा घरात दोन हजारांहून अधिक हातोडे आहेत. विषय विक्षिप्त आहे, कबूल. पण कष्टाची हत्यारे जिथे मुख्य पाहुणी असतात अशी किती दालने जगात आहेत? राजांच्या तलवारी पाहायला आपण रांगा लावतो. ज्या हातांनी पेट्या ठोकल्या, नाल बसवले, दगड फोडले, त्यांची अवजारे भंगारात जातात. आणि गंमत पाहा, त्याच घराचा पाया खणताना जमिनीतून एक जुने लिंगित दगडी हत्यार निघाले. विषय बाहेरून आणला होता. जमिनीने त्यात स्वतःची नोंद करून घेतली.

उरला पक्षपाताचा आरोप. तो अंशतः खरा आहे. अमेरिकेतल्या कित्येक गावसंग्रहालयांनी वर्षानुवर्षे इतिहास पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यापासून सुरू केला आणि मूळनिवासींविषयी भूतकाळात लिहिले, जणू ती माणसे संपली. हे दोष मी झाकत नाही. पण पक्षपात ही काय ग्रामीण मक्तेदारी आहे? 1930 च्या दशकात स्मिथसोनियनचे मानवशास्त्रज्ञ आलेश हर्दलिच्का यांनी कोडियाक बेटावरच्या लार्सन बे गावापाशी खोदकाम केले आणि साडेसातशेच्या आसपास माणसांचे अवशेष वॉशिंग्टनला नेले. गावाला कोणी विचारले नाही. तिथले जुने रहिवासी आणि आजचे गावकरी वेगवेगळे लोक, असा हर्दलिच्कांचा सिद्धान्त होता. गावाने अवशेष परत मागितले तेव्हा हाच सिद्धान्त आडवा आला. 1991 मध्ये ते परत मिळाले आणि गावकऱ्यांनी त्यांचे दफन केले. आता कोणाचे कथन निःपक्षपाती होते? ज्या गावात चुकीच्या पाटीवर बोट ठेवणारी नात रोज समोरून जाते, तिथे चूक दुरुस्त व्हायला साठ वर्षे लागत नाहीत.

इतके झाल्यावर पूर्वपक्ष शेवटचा बचाव काढतो, आणि तो तात्त्विक नसतो: वेळ कुठे आहे? जहाज सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. तेवढ्यात निसर्ग पाहायचा की कपाटे?

यावर साधा हिशेब. क्रूझचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. गरुडांचा मेळा ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही नोव्हेंबरच्या आसपास ऐन भरात. म्हणजे जुलैत हेन्सला उतरणाऱ्या प्रवाशाला चार-दोन गरुड झाडांवर दिसतील, पण ज्यासाठी हे खोरे जगात ओळखले जाते ते दृश्य त्याला बाहेर कुठेही दिसणार नाही, कितीही महागडी नौका भाड्याने घेतली तरी. त्या काळात ते समजून घेण्याची जागा गावात एकच आहे, आणि ती धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्लुकवानसाठी अर्धा दिवस काढावा, गाडी आधी ठरवावी आणि केंद्र त्या दिवशी उघडे आहे ना हे फोन करून विचारावे, कारण तिथे वेळापत्रक गावाच्या सोयीने चालते, जहाजाच्या नव्हे. खांबांचे फोटो काढता येतील का हे कॅमेरा काढण्याआधी विचारावे. नाही म्हणाले तर नाही.